एका बोटाचं काम

खाजाभाई कंपाउंडरांना पेशंटची नावं आठवत नसत. कोणी दारात उभं राहिलं की ते आधी चेहऱ्याकडे टक लावून बघत, मग उजव्या हाताची दोन बोटं औषधाच्या पत्र्याच्या डब्यावर ठेवत आणि त्या माणसाचं हृदय वाजवून दाखवत. "लब्-डब्, लब्-डब्. तू वरल्या वाडीचा. ठनठनीत हायस की, सुई कामून पायजे तुला?" एखाद्याच्या वेळी लब् आणि डब्‌च्या मधल्या जागेत ते नखानं पत्रा खरवडत. ते खरवडणं आलं की समजायचं, या माणसाच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतंय.

मी नवा डॉक्टर. औसा-किल्लारी रस्त्यावरच्या एका दवाखान्यात माझी पहिलीच नेमणूक, आणि साल बहात्तरच्या दुष्काळाचं. माझ्याकडे पदवी होती, सोन्याच्या रंगाच्या टोपणाचं पेन होतं आणि या म्हाताऱ्याचं डबा वाजवणं बघून येणारं हसू होतं. ते हसू फार दिवस टिकलं नाही.

खाजाभाई मूळचे औशाचे. निजामाच्या काळात हैदराबादेत मुडदे फाडायच्या हॉलमध्ये हमाल म्हणून लागले आणि तिथे बारा वर्षं राहिले. तिथे तेव्हा डॉक्टरीसुद्धा उर्दूत शिकवत. त्यामुळे शिकणाऱ्या पोरांच्या मागे हातात बादली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला प्रोफेसरांचा शब्द न् शब्द कळत होता. झडपेला ते 'किवाडी' म्हणत. "दिलाला चार किवाड्या, साहेब. दोन आत यायला, दोन भायेर जायला. आपन ऐकतो ना धडधड, ती दिलाची नसती. किवाडी लागल्याचा आवाज असतो. घरात मानूस हाय का न्हाई, ते दार वाजल्यावरच कळतं." हे सगळं मी इंग्रजीतून पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं, पण समजलं मात्र त्यांच्या तोंडून ऐकलं त्या दिवशी.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक स्टीलचा चमचा असे. रस्त्यात, बाजारात, लग्नाच्या मांडवात जिथे पोर दिसेल तिथे "आ कर बेटा" म्हणायचं आणि चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून घसा बघायचा. घसा लाल दिसला की पोराच्या बापाची खैर नसे. लोक म्हणायचे, खाजाभाई पंगतीला चमचा घरून आणतात. ते हसत, पण चमचा खिशातून काढत नसत. घशाचं साधं दुखणं अंगावर काढलं की पोराचे सांधे सुजतात, ताप येतो, मग सांधे बरे होतात आणि आईबाप खूश होतात. इकडे आत झडपेला सूज येऊन गेलेली असते. पुढे वर्षानुवर्षं ती झडप जाड होत जाते, तिच्या कडा एकमेकींना चिकटतात. हे सगळं होतं ते ज्या घरात एका खोलीत आठ माणसं झोपतात त्या घरात. बंगल्यात राहणाऱ्याच्या पोराला हा रोग मी नोकरीभरात क्वचितच बघितला. यावर खाजाभाई एकच वाक्य बोलत, "गरिबाचा घसा कोन बघतंय?" आणि ते म्हणताना डबा जरा जोरातच आपटत.

त्यांची दुसरी गोष्ट म्हणजे ती नळी. एनिमाच्या भांड्याची लाल रबरी नळी कापून त्यांनी स्टेथोस्कोपला जोडली होती. दवाखान्यात हिरवा पडदा होता. बाई पडद्याच्या आत बाकावर झोपे, खाजाभाई बाहेर पाठ करून बसत, आणि नळी पडद्याखालून आत जाई. "माय, डाव्या कुशीवर हो. आता जिथं लई धडधडतं ना, तिथं ते नळीच्या टोकाचं चाकोलं तूच ठेव." बाईला स्वतःच्या छातीत कुठे धडधडतं हे जगात तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? बायका बरोबर जागेवर ठेवत. पदराला हात लागत नसे, लाज जात नसे आणि कान मात्र थेट हृदयाला लागलेला. मी त्या नळीला हसलो होतो. वाफेच्या इंजिनाला पाणी भरताय का, असंही विचारलं होतं. आज तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

शेवंता आली ती मुकादमाच्या मागून चालत. एकोणीस-वीस वर्षांची, गालांवर तांबूस झाक, ओठ किंचित निळसर. सासरनं 'कामाची न्हाई' म्हणून परत पाठवलेली. आई धुरपताबाईबरोबर ती पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर माती वाहायला जात होती. पाटी डोक्यावर घेतली की दहा पावलांवर थांबायची.

"सोंग करून राहिली, साहेब," मुकादम म्हणाला. "गाल बघा कसे लाल हायेत. आजारी मानसाचे असे असतेत का? तुमी लिवून द्या, मंजी हजेरी मांडायची का न्हाई ते आमाला कळंल."

बाहेर सत्तर माणसं रांगेत होती. मी तिला उभ्यानंच, लुगड्यावरनंच तपासलं. स्टेथोस्कोप ठेवला आणि उचलला. लब्-डब् ऐकू आलं. मी सोन्याच्या टोपणाचं पेन काढलं आणि लिहिलं, 'निरोगी. काम करण्यास योग्य.' खाली सही केली, शिक्का मारला. मुकादमानं कागद घडी करून खिशात टाकला. शेवंता पदर सावरून खाली बघत राहिली. तिला बोलायलाही दम लागत होता, आणि मला वाटलं ती ओशाळली आहे.

खाजाभाई त्या दिवशी औशाला औषधं आणायला गेले होते. परत आल्यावर दवाखान्यातल्या आयेकडून त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच ते शेवंताला बोलावून घेऊन आले, पडद्यामागे झोपवलं, नळी आत सोडली. बराच वेळ ऐकलं. मग माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि दोन बोटांनी टेबलावर वाजवायला लागले. लब् टणकन, जोरात. मग डब्. मग लगेच एक बारीक टिचकी. आणि मग नखाची लांब, खालच्या पट्टीतली घरघर, पुढच्या लब्‌पर्यंत.

हा ठेका मी पुस्तकात वाचला होता. वरच्या डाव्या कप्प्यातून खाली रक्त सोडणारी दोन पाटांची झडप चिकटून आखडली की हृदय असंच बोलतं. गालांवरची लालीसुद्धा त्याच आजाराची असते.

"डाव्या कुशीवर झोपवलं न्हाई तुमी," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मी म्हणालो, आपण आत्ताच जाऊन कागद परत आणू. ते म्हणाले, थांबा, कागदानं भागायचं न्हाई. आणि ते सायकलवर औशाला गेले. त्यांच्या मामांचं तिथे मटणाचं दुकान होतं. त्या वर्षी चाऱ्यावाचून लोक शेळ्या-बकऱ्या विकून मोकळे होत होते, बकऱ्याचं हृदय कुत्रंही खात नव्हतं. दुपारी ते घरावरून तलावाच्या कामावरच आले; त्यांचा निरोप मिळाला तसा मीही तिथे पोचलो. एका हातात कागदात गुंडाळलेलं हृदय, दुसऱ्या हातात फडक्यानं तोंड बांधलेली पाण्याची कळशी. टँकर तीन दिवसांनी एकदा यायचा. ती कळशी त्यांच्या घरची प्यायच्या पाण्याची होती.

कामावर त्या दिवशी तालुक्याचे एक अधिकारी आले होते. पांढरी पँट, नाकाला रुमाल. खाजाभाईंनी त्यांच्या टेबलासमोर पाटी उपडी घातली, तिच्यावर हृदय ठेवलं. वरचा कप्पा कापून उघडा केला. बाहेर जाणारी मोठी नळी दोऱ्यानं बांधून टाकली. बायका पाट्या टाकून गोळा झाल्या.

"ही किवाडी बघा. दोन पाट, आन् खालून दोऱ्या बांधल्यात, पाट उलटं पडू नये मनून." त्यांनी वरून पाणी सोडलं. झरकन खाली गेलं. मग मुठीनं हृदय दाबलं, तसे ते दोन पातळ पांढरे पाट फुगून वर आले आणि एकमेकांना भिडले. थेंबही वर आला नाही. एवढीशी गोष्ट, पण मीही पहिल्यांदाच बघत होतो. बायकांमधून "अगं माय" असा आवाज आला.

मग त्यांनी सदऱ्याच्या कॉलरीतून सुई-दोरा काढला आणि त्या पाटांचे दोन्ही कोपरे शिवून टाकले, पोत्याचं तोंड शिवतात तसे. मधे फक्त काडी जाईल एवढी फट ठेवली. परत पाणी सोडलं. ते वरच तुंबलं. खाली थेंब थेंब पडायला लागलं.

"शेवंताचं हे असं हाय. खाली रगत पुरत न्हाई, वर तुंबून फुफ्फुसात शिरतं. पाटी उचलली की जास्त तुंबतं. सोंग न्हाई ते, साहेब. ती बुडून राहिली हाय आतून."

अधिकाऱ्यांनी रुमाल न काढता सांगितलं, "हे बकऱ्याचं आहे. बाईबद्दल डॉक्टरांनी लिहून दिलंय. काम करण्यास योग्य. सही आहे, शिक्का आहे. तुम्ही कंपाउंडर ना?"

मी पुढे झालो. म्हणालो, सही माझी आहे, माझी चूक झाली.

"मग रीतसर दुसरं पत्र द्या. फाईलला लावू."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत फाईलला जे आहे ते आहे."

मुकादम मागून ओरडत होता, प्यायचं पाणी मातीत घालून राहिला म्हातारा. खाजाभाईंनी उरलेलं लाल पाणी बाभळीच्या बुंध्याशी ओतलं. त्याच वेळी धुरपताबाई खाली बसली. तिच्याशेजारी आणखी एक बसली. बघता बघता सगळ्या बसल्या. कोणी घोषणा दिली नाही. एकीनं एवढंच म्हटलं, "तिची पाटी आमी वाहू. तिला लेकरं सांभाळाया बसवा." अधिकाऱ्यांना संध्याकाळच्या आत काम मोजून न्यायचं होतं. बसलेल्या दोनशे बायका बघून त्यांना एकदम दया आली. शेवंता त्या दिवसापासून लिंबाखाली झोळ्यांतल्या लेकरांना झोके देत बसली. मी दुसरं पत्र त्याच दिवशी लिहून दिलं आणि प्रकरण मिटलं असं समजलो. मला तेव्हा सरकारी कागद म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं.

दुष्काळ सरला. खाजाभाईंनी शेवंताचं ऑपरेशन मनावर घेतलं. त्या काळी मुंबईत ते होत होतं, आणि गरिबाला फुकट होत होतं. बरगडीतून आत शिरून सर्जन हृदयात एक बोट घालतो आणि चिकटलेली झडप बोटानंच मोकळी करतो. एवढंच. "एका बोटाचं काम हाय, साहेब," खाजाभाई म्हणत आणि स्वतःचं बोट वर धरून बघत. त्या एका बोटासाठी माझं पत्र, मोठ्या दवाखान्याचं पत्र, छातीचा फोटो, गरिबीचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि शेवटी जिल्ह्याची सही हवी होती. कचेरीचं नाव घेत नाही, टेबल मात्र मला अजून दिसतं. खाजाभाई तिथे दर दोन-तीन महिन्यांनी एस.टी.नं जात. परत आले की मी विचारी, काय झालं? "तुमचं काय न्हाई. कारकूनच येडं हाय. अजून एक पत्र लिवून द्या, जुनं उंदरानं खाल्लं." मी लिहून देई. अशी मी किती पत्रं लिहिली, मला आठवत नाही. सरकारी उंदरांना माझं अक्षर फार आवडतं, असा विनोदही मी एकदा केला होता.

पुढे माझी बदली नांदेडला झाली. लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा खाजाभाई पेढे घेऊन नांदेडला आले. लातूरला गुलाल उधळलेला, त्यांच्या पांढऱ्या दाढीतही थोडा राहिलेला. "आता सई लातूरलाच! सकाळी जायचं, दुपारच्याला जेवाया घरी." इतका आनंदी माणूस मी दुसरा पाहिला नसेल. मग झालं असं, की जुन्या जिल्ह्यानं सांगितलं, ही बाई आता आमची नाही, फाईल पाठवून दिली. नव्यानं सांगितलं, फाईल आली नाही. मग आली, तर जोडपत्रं नव्हती. मग जोडपत्रं आली, तेव्हा सांगितलं, रहिवास जुन्या जिल्ह्याचा लिहिला आहे, नव्यानं अर्ज करा. बाई त्याच गावात, त्याच घरात, त्याच खाटेवर होती. सरकारनं रेघ सरकवली आणि तिनं पहिल्यापासून रांगेत उभं राहायचं!

त्या दिवसांत खाजाभाई एकदा नांदेडला येऊन माझ्या टेबलावर शेवंता वाजवून गेले. ती बारीक टिचकी आता नव्हती. झडप दगडासारखी झाली की ती टिचकी जाते. आणि ठेका सुटला होता. दोन ठोके लगेच, मग मोठी पोकळी, मग तीन. जाताना ते म्हणाले, "नव्या कचेरीत बी वाजवून दाखवलं. कारकून मनला, म्हातारबा, टेबल वाजवू नका, नवं हाय."

त्यानंतर चारेक महिन्यांनी ते परत आले. बरोबर धुरपताबाई. "जय भीम, साहेब," म्हणून ती भिंतीला टेकून खाली बसली, खुर्चीवर बसेना. खाजाभाईंनी टेबलावर एक जाडजूड फाईल ठेवली.

"गेल्या बेस्तरवारी गेली."

मी विचारलं, फाईल कशी आणलीत? "उचलून आनली. मेलेल्या मानसाची फाईल कोन मोजतंय?"

मी उघडली. सगळ्यात वर एक पिवळा पडलेला कागद होता. 'निरोगी. काम करण्यास योग्य.' माझं अक्षर, माझी सही, भोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ. खाली एकामागून एक शेरे. 'यापूर्वीच्या वैद्यकीय दाखल्यानुसार अर्जदार निरोगी. सबब विचार करता येत नाही.' 'मूळ दाखला पाहता आजार सिद्ध होत नाही.' नव्या जिल्ह्याचा शेवटचा शेरा, 'सोबतच्या मूळ दाखल्याशी विसंगत.' माझी पुढची सगळी पत्रं मागे लावलेली होती. एकही उंदरानं खाल्लेलं नव्हतं.

दहा वर्षं मी कारकुनांना शिव्या घातल्या होत्या. दहा वर्षं खाजाभाई तो कागद बघून येत होते आणि मला उंदराची गोष्ट सांगत होते.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर पुढच्या बाईला तुमी भिऊन भिऊन तपासलं असतं. भ्यालेल्या डॉक्टरला ऐकू येत न्हाई, साहेब." मग त्यांनी फाईल आपल्याकडे ओढली. "राग आला होता. न्हाई कसं मनू? लई आला होता. पर तुमच्यावर काढून तिची किवाडी उघडनार होती का?"

मी विचारलं, आता मी काय करू?

त्यांनी तो पिवळा कागद फाईलमधून सोडवला आणि माझ्यापुढे सरकवला. "ह्याच्यावरच लिवा. दुसऱ्या कागदावर नको. गावात अजून मनतेत, कामचुकार होती, कामाच्या भ्यानं मेली. मुकादम तर परवा मयतीला येऊन मनला, डागदरनं लिवून दिलं होतं की. तिच्या मायला ते आयकावं लागलं."

मी माझ्या त्या ओळीवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'वरील दाखला चुकीचा आहे. शेवंता हिला हृदयाच्या झडपेचा गंभीर आजार होता. ती कामचुकार नव्हती. तपासण्यात चूक माझी झाली.' सही केली. शिक्का मारायला हात धजेना. खाजाभाईंनीच शिक्का उचलून माझ्या हातात दिला.

त्यांनी मला ते मोठ्यानं वाचायला लावलं. मी वाचलं. धुरपताबाई उठली आणि टेबलाशी आली. तिला वाचता येत नव्हतं.

"ह्यातलं खोटं कुठं लिवल्यालं हाय?" तिनं विचारलं.

खाजाभाईंनी बोट ठेवून दाखवलं. तिनं अंगठा जिभेला लावला आणि त्या ओळीवरून घासायला सुरुवात केली. शाई दहा वर्षांची, ती पसरली, निघाली नाही. तिनं परत अंगठा ओला केला. मी बघत बसलो. कागद विरत चालला.

"राहू दे माय, फाटंल," खाजाभाई म्हणाले.

"फाटू दे."

त्या जागी भोक पडलं तेव्हाच ती थांबली. कागद घडी करून तिनं कमरेला खोचला. लातूरच्या गाडीची वेळ झाली होती. मी फाटकापर्यंत पोचवायला गेलो. ती पुढे, खाजाभाई मागे, बगलेत तो कागद काढून घेतलेली फाईल. खाजाभाईंना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं. त्यांची दोन बोटं फाईलच्या पुठ्ठ्यावर टेकलेली होती, आणि वाजत नव्हती.